लिंबाच्या पानावरील चंदेरी रेघ

ज्यांच्या परसांत लिंबाचें झाड आहे, किंवा गच्चीवरील कुंडींत ज्यांनीं हौसेनें एखादें कागदी लिंबू लावलें आहे, त्यांना एक दृश्य खचित परिचयाचें असेल. पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या कीं झाडाला पोपटी, लुसलुशीत पालवी फुटते. आणि आठपंधरा दिवसांतच त्या पालवीवर चांदीच्या वर्खानें कोणी नागमोडी रेघा ओढल्या आहेत कीं काय, असा भास होऊं लागतो. पान आक्रसतें, त्याच्या कडा आंत वळतात, आणि शेवटीं तें चुरगळलेल्या कागदासारखें दिसूं लागतें. कोणी म्हणतात, हा गोगलगाईचा माग. कोणी म्हणतात, झाडाला दृष्ट लागली. आणि पुष्कळजण औषधांच्या दुकानाची वाट धरतात, मिळेल तें विष आणतात व झाडावर शिंपडतात. ही रेघ कोण काढतो, कशी काढतो, आणि ती पाहिल्यावर आपण काय करावें व काय करूं नये, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

या रेघेच्या कर्त्याला आपल्याकडील बागाइतदार ‘नागअळी’ म्हणतात. नांव रेघेच्या वळणांवरून पडलें आहे, आणि तें समर्पकहि आहे. मात्र टोमॅटोच्या किंवा वालाच्या पानांवर दिसणाऱ्या तशाच पांढऱ्या रेघांनाहि लोक हेंच नांव देतात, हें ध्यानांत ठेवावें. तेथील अळी बहुधा एका लहानशा माशीची असते. लिंबावरची अळी माशीची नव्हे, पतंगाची. रात्रीं दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारे जे पतंग आपण पाहतों, त्यांच्याच मोठ्या गोतावळ्यांतील हा एक अतिशय धाकटा भाऊबंद होय.

शास्त्रज्ञांच्या दप्तरीं त्याचें नांव फायलोक्निस्टिस सिट्रेला असें आहे. हें नांव त्याला १८५६ सालीं हेन्री टिबेट्स स्टेंटन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें दिलें. आणि ज्या नमुन्यांवरून त्यानें वर्णन लिहिलें ते कलकत्त्याहून गेलेले होते. म्हणजे आज जगभर कुप्रसिद्ध झालेल्या या कीटकाची शास्त्राशीं पहिली ओळख आपल्याच देशांत झाली. पुढें बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधनसंस्थेंत काम करणारे बेनब्रिग फ्लेचर यांनीं १९२० सालीं हिंदुस्थानांतील सूक्ष्म पतंगांच्या जीवनक्रमावर जें मोठें लेखन प्रसिद्ध केलें, त्यांत या पतंगाच्या कुळासाठीं एक स्वतंत्र भाग आहे.

पतंग म्हणतांच मोठे, रंगीत पंख डोळ्यांसमोर आणूं नयेत. हा पतंग पंख पसरून बसला, तरी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें चार मिलिमीटरच भरतो. म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढा त्याचा सारा विस्तार. पुढचे पंख रुपेरी पांढरे, त्यांवर पिंगट रेषा, आणि प्रत्येक पंखाच्या टोंकाशीं एक काळा ठिपका. मागचे पंख तर पंख म्हणावे कीं पिसें, अशी शंका यावी इतके अरुंद. त्यांच्या कडेला लांब केसांची झालर असते. दिवसां बहुतेक वेळ तो पानांच्या आड स्वस्थ बसून असतो. म्हणून रेघा सर्वांनीं पाहिलेल्या असतात, पण पतंग फारच थोड्यांनीं. कोशांतून तो बहुधा पहाटेच्या सुमारास बाहेर येतो. मादी एक विशिष्ट गंध हवेंत सोडते, व त्या गंधाच्या अनुरोधानें नर तिला शोधीत येतो. हा गंध आतां रसायनशाळेंत तयार करतां येतो, आणि तो लावलेले सांपळे बागेंत टांगून पतंगांची वाढ-घट अजमावतां येते. पतंगाचें आयुष्य थोड्याच दिवसांचें असतें. तेवढ्या अवधींत एक मादी पन्नासपर्यंत अंडीं घालते.

हीं अंडीं ती एकाच जागीं घालीत नाहीं. संध्याकाळीं किंवा रात्रीं ती या पानावरून त्या पानावर जाते, आणि एकएक अंडें, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, चिकटवून पुढें सरकते. पान मात्र ती पारखून घेते. निबर पानाकडे ती ढुंकूनहि पाहत नाहीं. जें पान नुकतेंच उलगडूं लागलें आहे, जेमतेम नखाएवढें झालें आहे, तेंच तिला हवें असतें. अंडें चपटें, पारदर्शक, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढें असतें. दंवाचा बारीकसा थेंब पानावर राहून गेला असावा, असें तें दिसतें. दोनपासून दहा दिवसांत तें उबतें. परंतु अळी अंड्यांतून बाहेर येऊन पानावर हिंडूं लागत नाहीं. ती लागलीच पानाच्या त्वचेंत शिरते, आणि पतंग होऊन उडून जाईपर्यंत पुन्हां उघड्यावर येत नाहीं.

आंत शिरून ती काय करते हें समजण्यासाठीं पानाची रचना थोडी पाहिली पाहिजे. पान हें पुरणाच्या पोळीसारखें आहे असें समजा. वर एक पातळ त्वचा, खालीं एक पातळ त्वचा, आणि मध्यें पुरणाच्या जागीं हिरव्या पेशींचा थर. झाडाचें अन्न तयार होतें तें मुख्यतः या मधल्या थरांत. झाडांच्या पानांत शिरून राहणारे कीटक पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं बरेचसे हें पुरणच खाऊन टाकतात. आपल्या अळीची तऱ्हा निराळी आहे. ती सहसा पुरणाला हात लावीत नाहीं; ती राहते केवळ त्वचेच्या जाडींत. तिचें डोकें चपटें असून जबडे पात्यांसारखे आडवे असतात. त्यांनीं ती त्वचेच्या पेशी एकामागून एक कापीत जाते, आणि त्यांतून पाझरणारा रस पिते. पेशी रिकाम्या झाल्या कीं अगदीं बाहेरचा पारदर्शक पापुद्रा तेवढा सुटून राहतो, व त्याखालीं हवा शिरते. त्या हवेमुळें उजेड परततो आणि रेघ चांदीसारखी चमकते. आपण जिला गोगलगाईचा माग समजतों, ती अशी नुसती पापुद्र्याखालची हवा असते.

रेघेच्या मधोमध एक बारीक काळसर ओळ दिसते. ती अळीची विष्ठा. अळी वाढत जाते तसतशी रेघहि रुंद होत जाते. म्हणून रेघेचें अरुंद टोंक तें अळीचें जन्मस्थान, आणि रुंद टोंक तो तिचा आजचा मुक्काम. ताजी रेघ असलेलें पान उन्हाकडे धरून साध्या भिंगानें पाहिलें, तर या रुंद टोंकाशीं फिकट पिवळसर-हिरवी, जवळजवळ पारदर्शक अळी सहज दिसते. पूर्ण वाढली तरी तिची लांबी सुमारें तीन मिलिमीटरच असते. तिच्या चार अवस्था मानतात. पहिल्या तीन केवळ खाण्याच्या. चौथ्या अवस्थेंत ती मुळींच खात नाहीं. त्या वेळीं तिला एकच काम असतें, आणि तें म्हणजे रेशीम काढणें. खाण्याचा काळ साधारणतः पांच ते वीस दिवसांचा. तो संपत आला कीं अळी पानाच्या कडेशीं येते व तेथें रेशमाचे धागे ताणून स्वतःभोंवतीं एक लहानशी खोली तयार करते. धाग्यांच्या ओढीनें पानाची कड तिच्यावर दुमडली जाते. पानाच्या कडा वळतात त्या अशा. या दुमडींत तिचा कोश होतो. कोशाच्या डोक्याशीं एक टोंकदार कांटा असतो. त्यानें पापुद्रा फोडून, सहा ते बावीस दिवसांनंतर, नवा पतंग बाहेर पडतो.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा सारा प्रवास हवेच्या उष्णतेप्रमाणें तेरा दिवसांत आटोपतो, किंवा बावन्न दिवसहि घेतो. उष्ण देशांत वर्षाकाठीं दहा-बारा पिढ्या सहज होऊं शकतात. आतां थोडें गणित करा. एका मादीचीं पन्नास अंडीं, त्यांपैकीं निम्म्या माद्या, त्यांचीं पुन्हां प्रत्येकीं पन्नास. म्हणजे महिना-दीड महिन्याच्या आंतच एकीच्या साडेबाराशें नाती व नातू. हा हिशेब असाच बिनअडथळा चालला असता, तर लिंबाचें झाड केव्हांच नामशेष झालें असतें. पण तें झालेलें नाहीं. हिशेब कोठेंतरी अडतो खास, आणि तो कोठें अडतो हें ज्याला कळलें, त्याला या किडीवरचा अर्धा उपाय कळला.

तो पहिल्यानें अडतो कोवळ्या पानापाशीं. या पतंगाचा सारा संसार कोवळ्या पानावर उभा आहे. मादीला अंडें घालावयाला कोवळें पान लागतें, अळीला कापावयाला कोवळी त्वचा लागते, आणि पान निबर होण्याच्या आंत तिला आपलें खाणें उरकावें लागतें. लिंबू-संत्र्याचें झाड मात्र बारा महिने पालवी फोडीत नाहीं. तें ठराविक वेळीं, लाटेसारखी, एकदम पालवी काढतें; बागाइतदार तिला ‘नवती’ म्हणतात. नवतीचें पान थोड्याच आठवड्यांत टणक होतें. त्यानंतर दुसरी नवती येईपर्यंत पतंगाची उपासमार असते. एखाद्या चुकार फांदीवर फुटलेल्या चार पानांवर त्याला कशीबशी गुजराण करावी लागते. त्याचें पंचांग झाडाच्या पंचांगाशीं बांधलेलें आहे. पानाच्या बाबतींत एवढा चोखंदळ असलेला हा कीटक जगभर पसरला कसा, याचेंहि उत्तर या कोवळ्या पानांतच आहे.

त्याचें मूळ घर दक्षिण व आग्नेय आशिया; लिंबू, संत्रें, पपनस, महाळुंग या कुळाचें माहेरहि याच टापूंतलें. हा शेजार फार जुना असला पाहिजे असें वाटतें खरें. पण माणसानें हीं झाडें जहाजांतून देशोदेशीं नेलीं, तरी पतंग पुष्कळ काळ मागेंच राहिला होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत व आफ्रिकेच्या कांहीं भागांत तो विसाव्या शतकांत शिरला. अमेरिका आणि भूमध्यसमुद्राचा किनारा मात्र त्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत त्याच्यापासून मुक्त होते. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें तर १९३१ सालींच, म्हणजे हा पतंग तिकडे पोहोंचण्यापूर्वीं साठ वर्षें, पूर्वेकडील देशांत होणाऱ्या त्याच्या उपद्रवावर एक पत्रक काढून ठेविलें होतें. एवढें करूनहि १९९३ च्या मे महिन्यांत फ्लॉरिडांतील मायामीच्या दक्षिणेस होमस्टेडच्या आसपास तो सांपडलाच. आणि तें वर्ष संपण्यापूर्वीं त्या राज्यांतील लिंबू-संत्र्यांच्या बहुतेक सर्व मुलखांत तो जाऊन बसला. त्याच वर्षीं स्पेनमध्यें त्याची नोंद झाली. १९९४ मध्यें तुर्कस्तान, इस्रायल व मेक्सिको, १९९६ मध्यें ब्राझील, आणि २००० सालीं कॅलिफोर्निया, असा त्याचा दिग्विजय झाला.

चार मिलिमीटरचा पतंग समुद्र ओलांडून स्वतः उडत गेला, हें संभवत नाहीं. फळांच्या पेट्यांतूनहि तो सहसा जात नाहीं. कारण त्याचें घर पानांत आहे, फळांत क्वचितच. उरतें तें रोप. कोवळी पालवी असलेलें एखादें कलम, त्याच्या पानाच्या दुमडींत झोंपलेला एक कोश, आणि तें कलम हौसेनें किंवा व्यापारासाठीं दूरदेशीं नेणारा माणूस. एवढें साहित्य या प्रवासाला पुरेसें आहे. परदेशांतून आणलेलीं रोपें बंदरावर व विमानतळावर अडवून तपासतात, तेव्हां आपल्याला तो निष्कारण छळ वाटतो. तो छळ कशासाठीं, हें या उदाहरणावरून स्पष्ट व्हावें.

नव्या देशांत पतंग इतका बेसुमार वाढला याचें कारण हिशेबाचा दुसरा अडथळा तेथें नव्हता. आशियांत या अळीवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशांच्या अनेक जाती आहेत. त्या मुंगीहूनहि लहान असतात व माणसाला मुळींच चावत नाहींत. कोणी अळीच्या अंगावर अंडें घालते, कोणी तिच्या अंगांत. आणि त्या अंड्यांतून निघालेलें पिलूं अळीला किंवा कोशाला खाऊन वाढतें. याखेरीज मुंग्या, कोळी व क्रायसोपा नांवाचा हिरवा कीटक पापुद्रा फाडून अळ्या उचलतात, तें निराळेंच. पतंग परदेशीं गेला तेव्हां हे त्याचे खास वैरी येथेंच राहिले. तेथील शास्त्रज्ञांनीं मग ते वैरीच मागवून घेतले. अ‍ॅजेनिआस्पिस सिट्रिकोला नांवाची एक गांधीलमाशी थायलंडमधून ऑस्ट्रेलियांत नेलेली होती. ती तेथून १९९४ सालीं फ्लॉरिडांत आणून सोडण्यांत आली, व पुढें १९९८ मध्यें फ्लॉरिडांतून ब्राझीलमध्यें गेली. हिचा विशेष असा कीं, ती पतंगाच्या अंड्यांत किंवा अगदीं कोवळ्या अळींत एक अंडें घालते, आणि त्या एका अंड्याचे आपोआप भाग पडून त्यापासून दोन ते दहा गांधीलमाशा निर्माण होतात. पतंगाचें लहानगें पोट अशा रीतीनें शत्रूच्या संपूर्ण कुटुंबाला पोसतें.

येथवर ऐकून श्रोते म्हणतील, पानावर चार रेघा पडल्या, कडा वळल्या, एवढ्यासाठीं इतकी यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर झाडाच्या वयावर अवलंबून आहे. मोठ्या, भरदार झाडाचें या अळीमुळें फारसें बिघडत नाहीं. अळीनें त्वचा खाल्ली तरी मधला हिरवा थर बराचसा शाबूत असतो, व तें वेडेंवांकडें पान आपल्या परीनें झाडाला अन्न पुरवीतच राहतें. शिवाय जुन्या निबर पानांचा मोठा सांठा झाडाजवळ असतोच. लहान रोपाची गोष्ट वेगळी. त्याच्याजवळ असतात मोजकीं पानें, आणि तीं जवळजवळ सारींच कोवळीं. तीं आक्रसलीं कीं रोपाची वाढच खुंटते. रोपवाटिका, आणि लावणीनंतरचीं पहिलीं तीन-चार वर्षें, हा खरा जपण्याचा काळ.

दुसरें भय यापेक्षां मोठें आहे. लिंबावर ‘खैऱ्या’ नांवाचा एक रोग पडतो. पानांवर, डहाळ्यांवर व फळांवर तपकिरी, खडबडीत, उंचवट्याचे डाग उठतात आणि पानांवरील डागांभोंवतीं पिवळें वलय दिसतें. हा रोग एका सूक्ष्म जंतूपासून होतो. वाऱ्यानें उडालेल्या पावसाच्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो आणि पानाच्या नैसर्गिक छिद्रांतून किंवा जखमांतून आंत शिरतो. पतंग स्वतः हा जंतु वाहून नेतो असें नाहीं. परंतु अळीनें पोखरलेल्या रेघेवरचा पापुद्रा फाटला, कीं पानाचा आंतला ओला गाभा जंतूला उघडा पडतो. ज्या पानावर एरव्हीं दोन-चार डाग पडावयाचे, त्यावर मग साऱ्या रेघेच्या लांबीभर डागांची रांग उठते. हा रोगहि आपल्याकडचा जुनाच. लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत १८२७ ते १८३१ या काळांत हिंदुस्थानांत गोळा केलेले महाळुंगाच्या जातीचे वाळलेले नमुने आहेत. त्यांवर पुढें तपासणाऱ्यांना या रोगाचे डाग आढळले.

हे दोघे परदेशीं एकत्र आले तेव्हां काय झालें, त्याचें प्रत्यंतर फ्लॉरिडानें पाहिलें. पतंग तेथें १९९३ सालीं आला, आणि १९९५ सालीं मायामी शहरांतील घरांच्या परसांत खैऱ्या सांपडला. सरकारनें रोगाच्या निर्मूलनाची मोहीम उघडली. रोगट झाड तोडावयाचें एवढेंच नव्हे, तर त्याच्या सभोंवतीं १९०० फुटांच्या आंतील निरोगी दिसणारींहि लिंबू-संत्र्याचीं झाडें तोडावयाचीं, असा पुढें नियम झाला. बागांबरोबर शहरांतील घरोघरचीं झाडेंहि त्यांत गेलीं. आपल्या अंगणांतील झाडांवर कुऱ्हाड पडलेली पाहून अनेक घरमालकांनीं न्यायालयांत धांव घेतली. एकंदर एक कोटी साठ लाखांच्या आसपास झाडें नष्ट करण्यांत आलीं. तरीहि २००४ व २००५ सालच्या वादळांनीं रोग इतका दूर उधळला, कीं २००६ च्या जानेवारींत ती मोहीम सोडून द्यावी लागली. या अनर्थाचा सारा दोष पतंगाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं; वारा आणि पाऊस हेच रोगाचे मुख्य वाहक. परंतु दारें उघडीं ठेवण्याचें काम त्यानें मनोभावें केलें, एवढें निश्चित.

आपल्याकडे या विषयाचें महत्त्व कोणाला सांगावयास नको. नागपूर व अमरावती जिल्ह्यांत, काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांत हजारों कुटुंबांचा संसार संत्र्यावर चालतो. तेथील बागाइतदार झाडाचें पाणी कांहीं काळ तोडून त्याला ‘ताण’ देतो, आणि मग आंबिया किंवा मृग यांपैकीं एक बहार धरतो. ताणानंतर पाणी मिळालें कीं सारी बाग एकदम फुटते. नवती अशी एका वेळीं आली, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणें सोपें जातें, आणि ती निबर झाल्यावर पतंगाला बागेंत आसरा उरत नाहीं. उलट ज्या बागेंत पाणी व खत वेळींअवेळीं पडतें, तेथें सदान्‌कदा कोठेंतरी कोवळें पान असतें, आणि पतंगाची पिढी तुटत नाहीं. नागपूरला १९८५ सालापासून लिंबूवर्गीय फळांसाठीं एक केंद्रीय संशोधनसंस्था काम करीत आहे, हें या बागाइतदारांचें भाग्यच म्हणावयाचें. संत्र्याचें झाड खैऱ्याला बऱ्यापैकीं दाद देत नाहीं. कागदी लिंबू मात्र त्याला चटकन् बळी पडतें. म्हणून लिंबाच्या बागाइतदारानें आणि कुंडींत लिंबू लावणाऱ्या गृहस्थानें, दोघांनींहि अधिक सावध असावें.

आतां घरच्या झाडाविषयीं. पहिली गोष्ट, रेघ दिसतांच पानें ओरबाडूं नयेत. तें पान कुरूप झालें असलें तरी निकामी झालेलें नाहीं. आणि तें तोडल्यानें झाड त्याच्या जागीं नवी पालवी काढतें, म्हणजे पतंगाला नवें ताट वाढल्यासारखेंच होतें. मात्र पानावर खैऱ्याचे डाग असतील, तर तीं पानें व डहाळ्या कोरड्या दिवशीं कापून नष्ट कराव्या. दुसरी गोष्ट, रेघ पूर्ण झाल्यावर विष फवारण्यांत अर्थ नाहीं. अळी पापुद्र्याखालीं व कोश दुमडींत सुरक्षित असतो. फवारा वरून ओघळून जातो आणि मरतात त्या उघड्यावर हिंडणाऱ्या, आपल्या कामाच्या गांधीलमाशा. ज्या झाडाचें लिंबू आपण उद्यां वरणांत पिळणार, त्यावर जहाल विष घालणें हें तर सर्वथा अनुचित. रोप लहान असेल व उपाय करावासाच वाटला, तर निंबोळीचा अर्क नवती नुकतीच डोकावूं लागली असतां शिंपडावा. पानें मोठीं होईपर्यंत वाट पाहूं नये.

तिसरी गोष्ट, खोडाच्या तळापासून व जाड फांद्यांवरून जे सरळसोट, जोमदार पाणसोट फुटतात ते काढून टाकावे. त्यांना फळ धरत नाहीं आणि त्यांच्यावर अवेळीं कोवळीं पानें सतत येत राहतात. पतंगाच्या हंगामांत झाडाला नत्रयुक्त खताचा मोठा डोस देऊं नये. त्यानें पालवी भराभर फुटते खरी, पण ती कोणासाठीं फुटते हें आतां सांगावयास नको. आणि चौथी गोष्ट, कलम विकत घेतांना त्याचें प्रत्येक कोवळें पान उलटून पाहावें. रेघ किंवा दुमडलेली कड दिसली तर तें कलम घेऊं नये. लिंबाचीं रोपें गांवाहून शहरांत, किंवा परगांवच्या नातलगांकडे, भेट म्हणून नेण्याची आपली रीत गोड आहे. पण त्या भेटीबरोबर आणखी काय जात आहे, हें एकदां पाहून घ्यावें. परदेशीं राहणाऱ्या मुलाबाळांकडे तर असें रोप कधींहि नेऊं नये.

पुढच्या पावसाळ्यांत आपल्या लिंबाला नवती फुटेल, तेव्हां तिच्यावर पुन्हां चंदेरी रेघा उमटतील. त्या मुळींच उमटूं नयेत असा आग्रह धरण्यांत शहाणपण नाहीं. त्या वेळीं एखादें पान हातांत घेऊन उन्हाकडे धरावें, घरांतल्या मुलांना बोलवावें, आणि रुंद टोंकाशीं अळी दिसते का तें भिंगानें पाहावें. वळलेली कड हलकेंच उलगडून पाहावी. तेथें पतंगाचा कोश मिळेल. आणि एखादे वेळीं त्याच्याऐवजीं, त्याला खाऊन उरलेल्या गांधीलमाशीचे बारीक कोश मिळतील. तसे ते मिळाले, तर समजावें कीं झाडाची राखण अगोदरच चालू आहे, आणि फवाऱ्याची पिचकारी तूर्त कपाटांतच असूं द्यावी.